रेघांनी घडवलेला चेहरा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात साधारण १७६० ते १८३० या काळातल्या, तांब्याच्या प्लेटवर कोरून छापलेल्या व्यक्तिचित्रांवर (कोरण्याला एनग्रेव्हिंग म्हणतात, कोरणाऱ्याला एनग्रेव्हर) लिहिलं होतं. निओक्लासिकल म्हणतात ती शैली, म्हणजे ग्रीक-रोमन पुतळ्यांकडे आणि जुन्या नाण्यांकडे बघून घडलेली. त्यावर पत्रं आली, ईमेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो तर इतके आले की फोन भरला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही पण ज्यांचा बाकीच्यांनाही उपयोग होईल असे प्रश्न निवडलेत.

नारायण पेठेतून एक वाचक: आजोबांच्या ट्रंकेत एका युरोपियन गृहस्थाचं काळं-पांढरं चित्र सापडलं. चेहरा एका बाजूने दिसतो, गोल चौकट आहे, खाली बारीक अक्षरांत दोन नावं आहेत आणि एकापुढे पिंक्स, दुसऱ्यापुढे स्कल्प असं काहीतरी आहे. भाऊ म्हणतो जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं आहे. मला तसं वाटत नाही. कसं ओळखायचं?

फ्रेममध्ये असेल तर आधी ते बाहेर काढा, पण ओढाताण करू नका, मागचा कागद चिकटला असेल तर सरळ राहू द्या आणि काचेवरूनच बघा. मग सराफ वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा, रविवार पेठेत मिळेल, ऑनलाइन पण मिळतं. त्यातून गालाचा भाग बघा. एकसारख्या अंतरावर बसवलेल्या ठिपक्यांची जाळी दिसली, सगळीकडे तीच, केसांत पण तीच आणि कोटावर पण तीच, तर भाऊ बरोबर आहे, ती अलीकडची छपाई. पण रेघा दिसल्या आणि त्या रेघा सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि शेवटी परत केसासारख्या बारीक होत गेल्या असतील तर मन लावून बघा, कारण अशी रेघ तांब्यात हाताने कोरलेली असते.

दुसरी खूण म्हणजे प्लेटमार्क. तांब्याची प्लेट आणि ओला कागद असे दोन्ही रोलरच्या प्रेसमधून प्रचंड दाबाने जातात, त्यामुळे प्लेटच्या कडा कागदात उमटतात आणि चित्राच्या भोवती चौकोनी खळगा राहतो. खिडकीपाशी कागद तिरका धरला की सावलीत तो दिसतो. मात्र पुष्कळदा लोकांनी कडा कापून टाकलेल्या असतात म्हणून खळगा नाही म्हणजे चित्र खोटं असं नाही, आणि नंतरच्या काही चांगल्या प्रतिकृतींवर पण असा खळगा असतो, तेव्हा एकाच खुणेवर जाऊ नका. शाई पण बघा. कोरलेल्या खाचेतली शाई कागदावर किंचित उठून बसते, नुसत्या डोळ्यांना नाही दिसत, तिरक्या उजेडात भिंगातून गडद भागात कळतं.

खालच्या नावांचं सांगायचं तर ती लॅटिन रूपं आहेत. पिंक्सिट म्हणजे ज्याने मूळ तैलचित्र रंगवलं तो, स्कल्प्सिट म्हणजे ज्याने प्लेट कोरली तो. डेलिन असेल तर ज्याने कोरण्यासाठी ड्रॉइंग तयार केलं तो, आणि एक्सकुडिट म्हणजे प्रकाशक. एका चित्रामागे इतकी माणसं असायची. बाजारात किंमत काय येईल हे फोटोवरून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणि हो, मराठी घरांत जुन्या ट्रंकांमध्ये जे सापडतं त्यातलं बरंचसं लिथोग्राफ असतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, तिथून देवादिकांची आणि मराठी इतिहासातल्या माणसांची चित्रं घरोघरी गेली, आणि रविवर्मांचा छापखाना तर मुंबईहून मळवलीला आला होता. ती चित्रं दगडावरून छापलेली, त्यात खाच नाही आणि प्लेटमार्क पण नाही, भिंगातून खडूसारखा रवाळ पोत दिसतो. त्यांचं मोल वेगळं आहे आणि कमी तर अजिबातच नाही.

फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी: आम्हाला ह्या काळातले पोर्ट्रेट कॉपी करायला दिले. मला ते सगळे पुतळ्यासारखे थंड वाटतात. शिवाय बहुतेक तर दुसऱ्याच्या पेंटिंगवरून केलेले, मग ह्यात एनग्रेव्हरची स्वतःची कला कुठे आली?

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

१७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई, ही ज्वालामुखीखाली गाडली गेलेली इटलीतली रोमन शहरं, खणायला घेतली, जमिनीखालून एक आख्खं जुनं जग बाहेर यायला लागलं, १७५५ मध्ये विंकेलमान ह्या जर्मन अभ्यासकाने ग्रीक कलेतला शांतपणा आणि साधेपणा हाच आदर्श म्हणून मांडला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं युरोपातल्या कलाकारांनी तोच आदर्श धरला. रोम हे त्याचं केंद्र. तिथे जोव्हानी व्होल्पातो ह्या एनग्रेव्हरचा मोठा स्टुडिओ होता, त्याच्याकडे राफाएल मॉर्गेन शिकला, त्याचा जावई झाला आणि १७९३ मध्ये फ्लॉरेन्सला गेला. मॉर्गेनने लिओनार्दोच्या लास्ट सपरची जी प्लेट केली, १८०० सालची, तिने त्याचं नाव सगळीकडे पोचवलं, आणि दान्ते, पेट्रार्क अशा कवींचे चेहरेही त्याने कोरले. पॅरिसमध्ये बेर्विक होता, ज्याने सोळाव्या लुईचं कॅलेने रंगवलेलं पूर्णाकृती चित्र १७९० मध्ये कोरलं, म्हणजे राजाचं डोकं उडवायला तीन वर्षंसुद्धा उरली नव्हती तेव्हा.

आता थंड का वाटतं ते. ह्या लोकांना चेहऱ्यावर क्षणाचा भाव नको होता, हसू नको, रागही नको, माणूस मेल्यावरही जो उरेल तो चेहरा हवा होता. म्हणून बाजूने दिसणारा चेहरा, जुन्या रोमन नाण्यावर असतो तसा. म्हणून मागे साधी पार्श्वभूमी, एका बाजूने उजेड, आणि कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत स्वच्छ बाह्यरेषा. तुला जी थंडी वाटते ती त्यांनी मुद्दाम आणलेली आहे. आवडायलाच पाहिजे असं नाही. पण आधी रेघ बघ आणि मग ठरव.

गाल घे. कॉपी करताना तू तो शेडिंगने केला असशील, पेन्सिल आडवी धरून. एनग्रेव्हरकडे करडा रंग नसतोच. त्याच्याकडे काळी शाई आणि पांढरा कागद एवढंच आहे, मधला प्रत्येक टोन त्याला रेघेच्या जाडीतून आणि दोन रेघांमधल्या अंतरातून काढायचा असतो. तो काय करतो तर गालाच्या गोलाईवरून समांतर रेघा फिरवतो, जबड्याकडे उतरताना रेघ खोल जाते म्हणून जाड होते, सावली वाढली की त्यावर तिरक्या रेघांचा दुसरा थर टाकतो, त्या दोन थरांतून बारीक शंकरपाळी चौकोन तयार होतात आणि अजून गडद हवं असेल तर त्या प्रत्येक चौकोनात एकेक टिंब ठेवतो. उजेडाकडे येताना उलटं: दुसरा थर संपतो, मग पहिली रेघ तुटक होते, तुटक रेघेची टिंबं होतात, टिंबं विरळ होतात, आणि गालाच्या उंचवट्यावर नुसता कागद. डोळ्यातला चमकता ठिपका पण कागदच आहे, तेवढी जागा पहिल्या दिवसापासून त्याने कोरायची सोडलेली असते कारण तांब्यातून काढलेलं परत भरता येत नाही. अगदीच चुकलं तर घासून खळगा करायचा आणि मागून हातोडीने ठोकून प्लेट परत सपाट करायची, हाच एक उपाय.

आणि हे सगळं उलटं, आरशातल्यासारखं. मूळ चित्रातला उजवा हात छापल्यावर उजवाच यावा म्हणून प्लेटवर डावा कोरायचा.

मग पेंटिंगवरून केलं म्हणून नक्कल कशी म्हणशील? पेंटिंगमध्ये लाल मखमल आहे, सोनेरी नक्षी आहे, पांढरी फर आहे, त्या कशालाच रेघ नाहीये. मखमलीला कुठली रेघ, रेशमाला कुठली, केसांना कुठली हे सगळं एनग्रेव्हरने ठरवलेलं आहे. बेर्विकच्या त्या लुईमध्ये राजाचा झगा आणि फर बघ, मला तर त्या राजाच्या चेहऱ्यापेक्षा फर जास्त जिवंत वाटते. एनग्रेव्हरांना स्वतःलाही आपली किंमत माहिती होती. १६६० मध्येच चौदाव्या लुईने सां-ज्यां-द-ल्यूझच्या फर्मानाने एनग्रेव्हिंग ही स्वतंत्र कला आहे, कारागिरांच्या संघटनेच्या नियमांतून मोकळी, असं जाहीर केलं होतं. त्याच काळातला रोबेर नांतय तर समोर माणूस बसवून स्वतः ड्रॉइंग करायचा आणि मग कोरायचा, त्याचे चेहरे बघशील तर निओक्लासिकलवाल्यांपेक्षा ते उबदार वाटतील, मलाही वाटतात.

तुझ्या तक्रारीत तथ्य आहे तेही सांगते. ह्या शैलीची एक सवय झाली. जाळी इतकी नियमित, इतकी चकचकीत होत गेली की त्वचा धातूची वाटायला लागली, आणि १८२० नंतर स्टीलच्या प्लेटा आल्यावर तर रेघा अजून बारीक, अजून निर्जीव झाल्या. पण सगळे असे नाहीत. मिलानच्या जुझेप्पे लोंगीने ग्रोच्या चित्रावरून १७९८ मध्ये कोरलेला तरुण नेपोलियन शोधून बघ, आर्कोलच्या पुलावरचा, केस उडताहेत, मान वळलेली, आणि तरी प्रत्येक रेघ शिस्तीत.

कॉपी करणारच आहेस तर एक सुचवते. आख्खा चेहरा करू नकोस. एक गाल किंवा एक कानशील घे, चौपट मोठं कर, आणि शाईच्या पेनाने फक्त रेघांमधून टोन आणून बघ. क्लोद मेलाँने १६४९ मध्ये ख्रिस्ताचा आख्खा चेहरा एकाच गोल गोल फिरत जाणाऱ्या रेघेतून काढला होता, नाकाच्या शेंड्यापासून सुरू केलेल्या, फक्त तिची जाडी कमीजास्त करत. ते चित्र आधी समोर लाव.

कोथरूडहून एक वाचक: काही चित्रं नुसत्या टिंबांची असतात, तपकिरी किंवा लालसर शाईत. ती पण ह्याच प्रकारातली का? की हलकी?

ह्याच काळातली, पण पद्धत वेगळी, तिला स्टिपल म्हणतात. आपल्याकडे पूर्वी भांड्यांच्या दुकानात बसून बारीक ठोके मारत स्टीलच्या डब्यावर नाव घालून देणारे असायचे ना, त्या नावातलं अक्षर जसं टिंबाटिंबांतून उभं राहायचं तसाच इथे चेहरा उभा राहतो, फरक इतकाच की टिंबं जवळ-लांब आणि लहान-मोठी करून सावली पण काढायची. फ्रान्चेस्को बार्तोलोत्सी हा फ्लॉरेन्सचा, १७६४ मध्ये लंडनला आला आणि त्याने ह्या प्रकाराला एवढं लोकप्रिय केलं की घरोघरी टिंबांचे चेहरे लागले. ते करायला रेघेपेक्षा कमी वेळ लागतो आणि बायका-मुलांचे मऊ चेहरे त्यात छान येतात. रेघवाल्यांनी त्याला कमी लेखलं. हलकं मी म्हणणार नाही, पण स्टिपलमध्ये गोडवा लवकर येतो आणि तिथेच थांबतो, रेघेला परत परत बघावंसं वाटतं.

त्याच सुमाराला, १७८६ मध्ये, फ्रान्समध्ये क्रेतियां नावाच्या माणसाने फिजिओनोट्रेस नावाचं यंत्र काढलं. समोर बसलेल्या माणसाची बाजूची बाह्यरेषा यंत्राच्या दांडीने जशीच्या तशी गिरवायची, मग ती लहान करून छोट्या गोल तांब्याच्या प्लेटवर उतरवायची आणि गिऱ्हाइकाला छापील प्रतींचा संच द्यायचा. फोटोग्राफी १८३९ ला जाहीर झाली, त्याच्या पन्नासेक वर्षं आधी मध्यमवर्गाला स्वतःचा चेहरा वाटता यायला लागला होता. नारायण पेठेतल्या वाचकांचं चित्र लहान आणि गोल असेल तर हा प्रकारही तपासून बघा.

शनिवार पेठेतून एक वाचक: आमचं घर शनिवारवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. युरोपातल्या राजांचं वाचलं, पण आपल्या पेशव्यांचं असं कोरून छापलेलं चित्र झालंच नाही का?

झालं. आणि त्याची गोष्ट पुण्यातच सुरू होते.

चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा इथला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, संगमावर राहायचा. १७९० मध्ये टिपूविरुद्ध मराठे आणि कंपनी यांचा तह झाला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस ह्यांना समोर बसवून चित्रं केली. १७९२ चं ते तैलचित्र, पेशवे आणि शेजारी नाना, आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे, आपण पाठ्यपुस्तकांत जो नानांचा उंच, किडकिडीत चेहरा बघतो त्याच्या मागे वेल्सचा हात आहे. १७९५ हे वर्ष वाईट गेलं, सवाई माधवराव ऑक्टोबरमध्ये गेले आणि त्याच वर्षी वेल्सही साष्टीत तापाने गेला. त्याच्या मुलीशी पुढे १७९९ मध्ये मॅलेटनेच लग्न केलं, आणि वेल्सची स्केचेस टॉमस डॅनियल ह्या इंग्लिश चित्रकाराकडे पोचली. त्यावरून डॅनियलने १८०५ मध्ये तहाच्या दरबाराचं मोठं तैलचित्र केलं, जे आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, आणि त्या चित्रावरून चार्ल्स टर्नरने १८०७ मध्ये प्लेट केली. शनिवारवाड्यातला दरबार कागदावर छापून लंडनमध्ये विकायला आला तो असा.

पण ती रेघेतली नाही हे आवर्जून सांगितलं पाहिजे, ती मेझोटिंट आहे. त्यात काम उलटं चालतं. आधी दातेरी पात्याच्या हत्याराने आख्खी प्लेट खरबरीत करायची, इतकी की तशीच छापली तर नुसता काळा मखमली चौकोन येईल, आणि मग खरवडून, घोटून त्या काळ्यातून उजेड बाहेर काढायचा. दरबारातला सावलीचा दिवाणखाना, खांब, गर्दीतल्या पगड्या, त्यातून मधूनच उजळलेला पांढरा अंगरखा, हे मेझोटिंटला जमतं तसं शुद्ध रेघेला नसतं जमलं असं मला वाटतं. पण खरबरीत भाग प्रेसच्या दाबाने लवकर झिजतो, म्हणून सुरुवातीच्या प्रती गडद आणि नंतरच्या करड्या. कुठे बघायला मिळाली तर काळा किती खोल आहे ते आधी बघा. आणि रचना नीट बघा, इतकी माणसं रांगेत, कुठे आरडाओरडा नाही, धावपळ नाही, रोमन उठावशिल्पात असते तशी मांडणी. पेशव्यांचा दरबार त्या काळच्या लंडनच्या डोळ्यांतून गेलाय तो इथे दिसतो.

ह्या सगळ्यात एक पुणेकर आहे ज्याचं नाव आपल्याला पाठ असायला हवं. गंगाराम चिंतामण तांबट. मॅलेटसाठी आणि वेल्सबरोबर काम करणारा. वेरूळची लेणी त्याने काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, १७९० चा, आणि त्याची बरीच ड्रॉइंग्ज आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये आहेत. तिथल्या वेबसाइटवर बघता येतात, मोफत, मोठी करून. तो गेंडा नक्की बघा, कातडीच्या घड्यांवर किती शांतपणे काम केलंय.

तांब्यावर कोरून छापणं पण इथे माहितीच नव्हतं असं नाही. नानांच्या मनात गीता छापायचं होतं, त्यासाठी मॅलेटच्या मदतीने पुण्यातल्या तांबट कारागिराला तांब्यावर अक्षरं कोरायला शिकवलं गेलं, नाना १८०० मध्ये गेले आणि ते काम पुण्यात राहिलं. पुढे मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता ताम्रपटांवरून छापली गेली. म्हणजे तांबं होतं, कोरणारा हात होता, चित्र काढणारा गंगाराम होता, आणि तरी पुण्यात कोरलेला पुण्याच्या माणसाचा चेहरा छापला गेला नाही. मला ह्याची फार हळहळ वाटते. दहा-वीस वर्षं शांततेची मिळाली असती तर काय झालं असतं ह्याचा विचार येतोच.

निगडीहून एक वाचक: वय ५२, आयटीतून व्हीआरएस घेतली आहे. स्वतः शिकायचं आहे. काय लागेल?

लागतं कमी, पण वेळ लागतो. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा, कसब्यात तांबट आळीला किंवा धातूच्या दुकानात विचारा, हाताएवढा तुकडा पुरे. कडा कानशीने तिरप्या करून घ्या नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि वरचं फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापड, दोन्ही फाटेल. पृष्ठभाग आरशासारखा घोटून घ्या कारण प्रत्येक ओरखडा छापला जातो. हत्यार म्हणजे ब्युरिन, चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, मागे अर्धगोल लाकडी मूठ जी तळहातात बसते. टोकाला धार सतत पाहिजे, धार गेली की हात घसरतो आणि घसरलेला हात दुसऱ्या हाताच्या बोटांवर जातो, म्हणून डावा हात कधीही टोकाच्या पुढे ठेवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: हात वळवायचा नाही, प्लेट वळवायची. त्यासाठी प्लेटखाली वाळू भरलेली चामड्याची गोल उशी ठेवतात. उजवा हात सरळ ढकलतो आणि डावा हात प्लेट फिरवतो, त्यातून ती लयदार वळणाची रेघ येते. खाचेच्या कडेला तांब्याची जी बारीक कोर वर येते ती खरवडून काढायची, नाहीतर शाई पसरते. पहिले कित्येक आठवडे नुसत्या समांतर रेघा आणि वळणं काढा, चेहऱ्याकडे जाऊच नका.

छपाईसाठी एचिंग प्रेस, म्हणजे वर सांगितला तो रोलरचा प्रेस, लागतो, तो विकत घ्यायच्या भानगडीत आत्ता पडू नका. ज्या आर्ट कॉलेजात किंवा स्टुडिओत प्रिंटमेकिंग चालतं तिथे विचारा, वर्कशॉप होतात. शाई खाचेत भरून वरची मलमलीने पुसायची, कागद आधी भिजवून टिपून घ्यायचा, आणि मग प्रेसखालून. कोरा कागद ओला असताना मऊ होऊन खाचेत शिरतो आणि शाई उचलतो, कोरड्या कागदाने काहीच येत नाही.

बाणेरहून एक वाचक: माझ्याकडे असं एक जुनं चित्र आहे. पावसाळ्यात कागदावर तपकिरी डाग पडताहेत. लॅमिनेट करून टाकू का?

अजिबात नको, लॅमिनेशन परत काढता येत नाही आणि उष्णतेने कागदाचं वाट्टोळं होतं. डाग दमटपणामुळे वाढतात. बाहेरच्या भिंतीवर लावलं असेल तर आतल्या भिंतीवर घ्या, पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंती ओल धरतात. फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड-फ्री माउंट सांगा, मागे साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड लावू देऊ नका, आणि काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटच्या जाडीएवढी जागा हवी. सेलोटेप नाही, फेविकॉल तर नाहीच, चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर खळीने लटकवायचं, बाकी तीन बाजू मोकळ्या. उन्हाची तिरीप येते तिथे लावू नका. डाग काढायला घरी ब्लीच, लिंबू, यूट्यूबवरचे प्रयोग करू नका, ते काम कागद जतन करणाऱ्या माणसाचं आहे, आणि त्याच्याकडे नेताना चित्र गुंडाळी करून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट धरून न्या.